वाड्यातल्या जुन्या काचेच्या हंड्या आणि नव्या प्रोफाइल लाइट एकाच घरात शोभतील का?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात नवा टू बीएचके घेतलाय. उत्तर कसब्यातल्या घरातून दोन काचेच्या हंड्या आणि एक पितळी कंदील आणलाय. इंटिरियरवाल्याने हॉलसाठी प्रोफाइल लाइट (धातूच्या लांब खाचेत बसवलेली एलईडीची पट्टी) आणि बारा डाउनलाइटचा (छतात बसवलेल्या, खाली उजेड टाकणाऱ्या छोट्या दिव्यांचा) आराखडा दिलाय. जुनं-नवं एकत्र केलं तर घराचं शोरूम होईल, ही तुमची भीती.

शोभतील, अगदी छान शोभतील. मी सोलापुरातच घरांच्या इंटिरियरची कामं करते. माझ्या मते दिव्यांच्या आकारांचं एकमेकांशी फारसं भांडण नसतं, भांडण लागतं ते उजेडाच्या रंगांचं. हंडी शंभर वर्षांपूर्वीची असो नि प्रोफाइल लाइट काल बाजारात आलेली असो, दोन्हींतून एकाच जातीचा उजेड येत असेल तर डोळा ते मान्य करतो. हंडीत पिवळा बल्ब, छतात पांढऱ्या डाउनलाइट आणि टीव्हीमागे निळसर पट्टी असं झालं की मात्र खोली फाटल्यासारखी दिसते.

म्हणून खरेदीला जाल तेव्हा आधी खोक्यावरचा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, निळ्याकडे झुकणारा. दुकानात नुसतं 'एलईडी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा ६५०० हातात पडतो. तुम्ही हॉलमध्ये सगळीकडे ३००० ठेवा, हंड्यांमध्ये २७००चा फिलामेंटसारखा दिसणारा एलईडी बल्ब लावा. एवढा फरक खपतो, उलट हंडी जरा उठून दिसते.

आता घरातली मंडळी म्हणतील, आपल्याकडे उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसचा, पिवळ्या उजेडाने अजून उकडेल. उजेडाच्या रंगाने खोली तापत नाही, ती वॅटने तापते. पण पांढऱ्या उजेडात गार वाटतं हेही खरं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पडदे ओढून बसावं लागतं तेव्हा पिवळे दिवे उदास वाटतात. त्यासाठी ४०००ची एक साधी ट्यूब वेगळ्या बटणावर ठेवा. दुपारी ती एकटी, संध्याकाळी ती बंद आणि बाकीचे सुरू. एका वेळी एकच रंग, एवढं पाळलं की झालं.

बारा डाउनलाइट मात्र कमी करा. तुमचा हॉल १२ बाय १५ फुटांचा आहे म्हणता. बसण्या-बोलण्यापुरत्या उजेडाला तिथे साधारण अडीच ते तीन हजार ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप) भरपूर होतात. सात वॅटची एक चांगली डाउनलाइट सहाशेच्या आसपास देते, म्हणजे बारांचे सात हजारांवर गेले. त्या उजेडात हंडी पेटलेली आहे की नाही हेही कळणार नाही. जुन्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात दिवसा सान्यातून (छतातल्या झरोक्यातून) उजेडाचा एक झोत यायचा, रात्री दिवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात एक दिवा असायचा, आणि मधला भाग शांत राहायचा. हंडी ही त्या उजेडातली वस्तू आहे. तिच्या आजूबाजूला थोडा अंधार शिल्लक ठेवलात तरच ती दिसेल. चार डाउनलाइट आणि एका बाजूची प्रोफाइल लाइट पुरे.

त्या चार डाउनलाइट कुठे लावता हेही बघा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला की पातं फिरताना उजेड सतत फडफडतो आणि डोकं दुखतं. आराखड्यात पंखा काढलेलाच नसतो, म्हणून ही गोष्ट हटकून राहून जाते. ४८ इंची पंख्याच्या मध्यापासून किमान तीन फूट तरी सोडा. हंड्याही पंख्याजवळ नकोत, त्या हलत राहतात. एक जेवणाच्या टेबलावर टांगा, तिचा तळ टेबलाच्या पृष्ठापासून अडीच फुटांवर येऊ द्या, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकत नाही. दुसरी प्रवेशाच्या कोपऱ्यात. पितळी कंदील बाल्कनीच्या दाराशी किंवा देवघराबाहेर छान दिसेल. देवघरात मात्र समईची ज्योत हाच मुख्य दिवा राहू द्या, वर फार तर एक मंद २७००. रंग बदलणाऱ्या माळा तिथे लावू नका, असं मला मनापासून वाटतं.

घरात जुनी सोलापुरी चादर असेल तर ती भिंतीवर लावाच, आणि तिच्यासाठी एक स्पॉटलाइट राखून ठेवा. इथे सीआरआय नावाचा आकडा बघायचा; दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, आणि तो ९०च्या वर हवा. स्वस्त दिव्यात नेमका लाल रंग मरतो, आणि आपल्या चादरीचा लाल-मरून मातकट दिसायला लागला तर ती टांगण्यात अर्थ नाही. नऊ फुटी छत असेल तर स्पॉट भिंतीपासून सव्वादोन-अडीच फूट पुढे घ्या. अगदी भिंतीला चिकटून वरून सोडलेला उजेड काळ्या दगडाच्या भिंतीवर सुंदर दिसतो, पण नव्या फ्लॅटच्या पुट्टीवर प्रत्येक उंचवटा उघडा पाडतो.

स्वयंपाकघरात सजावट नको. छतातला दिवा पाठीमागे येतो आणि ओट्यावर आपलीच सावली पडते, म्हणून वरच्या कपाटाखाली ४०००ची पट्टी लावा. भाकरी भाजली की करपली ते तिथे दिसायला हवं. बेडरूमला पलंगाजवळ टू-वे बटण (एकच दिवा दारापाशी आणि पलंगापाशी, दोन्हीकडून चालू-बंद करणारं) दिलं की बाकी फारसं काही लागत नाही.

हंड्या टांगण्याआधी त्यांची आतली वायर आणि होल्डर बदलून घ्या. पितळी कंदिलाला अर्थिंग द्यायलाच हवं. वजन पीओपीच्या किंवा जिप्समच्या खोट्या छतावर कधीही देऊ नका, हूक थेट स्लॅबमध्ये बसवायला सांगा, आणि तो सीलिंग बंद करण्याआधी. प्रोफाइल लाइटचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, हात पोचेल अशा जागी ठेवा, कारण पट्टीच्या आधी तोच जातो. डिमर हवा असेल तर दिव्यावर 'डिमेबल' लिहिलेलं बघूनच घ्या, नाहीतर मंद केल्यावर तो लुकलुकतो.

इंटिरियरवाल्याला उद्याच सांगा की हॉलमध्ये हंड्या, प्रोफाइल, डाउनलाइट, स्पॉट आणि दुपारची ट्यूब यांची बटणं वेगवेगळी हवीत, आणि प्रत्येक खोलीतला एक दिवा इन्व्हर्टरवर हवा. भिंती फोडायच्या आधी यासाठी फक्त थोडी वायर जास्त लागते.