मास्क बसत नसेल तर थांब

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीला तुझा प्रवेश झाला म्हणून स्वारी खुशीत होती, आणि "म्हणजे ही एक्स-रे काढणार ना गं?" असंही तिनेच विचारलं. रागावू नकोस. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत मला एक्स-रेवालीच समजत होत्या. पेशंट तर आपल्याला सरसकट सिस्टर म्हणतात आणि कॅन्सरवरच्या रेडिएशनला शेक. "उद्या शेक आहे का, सिस्टर?" पहिला महिनाभर तू त्यांना दुरुस्त करशील, मग तूही शेकच म्हणायला लागशील.

पहिल्या वर्षी कशावर जोर द्यायचा, असं तू विचारलंस. अ‍ॅनाटॉमीवर. फिजिक्स समजावून देणारं कुणी ना कुणी भेटतं, अ‍ॅनाटॉमी मात्र स्वतःच्या अंगावर शिकावी लागते. गळ्याखालचा खळगा, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, कमरेच्या हाडाची वरची कड, हे सगळं डोळे मिटून बोटाला सापडलं पाहिजे. पुस्तकातला माणूस नेहमी सडपातळ आणि सरळ झोपलेला असतो. आपल्याकडे येणारा पाठीला बाक आलेला असतो, खोकत असतो, आणि आदल्या दिवशी अंगावरची खूण साबणाने घासून आलेला असतो.

फिजिक्स कोरडं आहे असं मात्र समजू नकोस. कोबाल्ट-60 ची हाफ लाइफ, म्हणजे ताकद निम्मी व्हायचा काळ, 5.27 वर्षं, हे वर्गात एका मार्काचं उत्तर. कोबाल्ट मशीनवर उभी राहशील तेव्हा त्याचा अर्थ कळेल. सोर्सची, म्हणजे मशीनमधल्या कोबाल्टची, ताकद महिन्याला साधारण 1 टक्क्याने उतरत जाते, म्हणून नव्या सोर्सवर दीड मिनिटाचं जे फ्रॅक्शन, म्हणजे एका दिवसाचा शेक, तेच सव्वापाच वर्षांनी तीन मिनिटांचं होतं. मणक्यात आजार पसरलेल्या माणसाला त्या कडक टेबलावर वरचं दीड मिनिट फार मोठं वाटतं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "मशीनपण म्हातारं झालं का, सिस्टर?" खरं उत्तर हो असंच होतं. आता बहुतेक ठिकाणी लिनॅक आली आहेत. त्यात किरण विजेवर तयार होतात, बटण बंद की किरण बंद. पण आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) घडवलेलं भाभाट्रॉन मशीन कोबाल्टवरच चालतं, तेव्हा तो धडा गाळू नकोस.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही माहीत नाही.

मला मशीनवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. कुठल्या हॉस्पिटलात, ते राहू दे. सकाळची गर्दी होती. मी दारातून हाक मारली, "पाटील काका!" एक काका उठले. "तुम्हीच ना पाटील?" त्यांनी मान हलवली. रॅकवरून पाटलांचा मास्क, म्हणजे शेक देताना मान हलू नये म्हणून त्यांच्याच चेहऱ्यावर बेतलेला साचा, काढला, काकांना काउचवर झोपवलं आणि मास्क चेहऱ्यावर चढवला. हनुवटीशी तो बसेना. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट, सूज आली असेल, असं मीच माझं ठरवून टाकलं आणि अंगठ्यांनी दाबायला लागले. काका बिचारे गप्प पडून होते. तेवढ्यात आमचे सीनिअर आत आले, माझे हात बाजूला केले, मास्क काढला आणि म्हणाले, "काका, पूर्ण नाव सांगा बरं." नाव वेगळं, गाव वेगळं. आमचे पाटील बाहेर बाकावर बसून होते. हे दुसरे पाटील कानाने अधू, काय विचारलं ते कळलं नाही की मान हलवायचे.

बटण दाबलं गेलं नव्हतं. तरी त्या रात्री मी जेवले नाही.

त्या दिवसापासून मी कुणालाही "तुम्हीच ना अमुक" असं विचारलेलं नाही. "तुमचं नाव सांगा, जन्मसाल सांगा, कुठल्या भागाला शेक चालू आहे ते दाखवा," असंच विचारते. रोज. विसाव्या दिवशीही. पेशंट हसतात, "सिस्टर, अजून नाव पाठ झालं नाही का?" हसू दे. आणि फाइलमधल्या फोटोकडे बघायचं म्हणजे खरंच बघायचं.

पण या गोष्टीतली माझी खरी चूक नावाची नव्हती. मास्क मला सांगत होता आणि मी त्याला गप्प करत होते. आपलं काम रोज तेच असतं. डोक्या-मानेच्या पेशंटला अनेकदा 66 ग्रे (ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक), रोज 2 प्रमाणे 33 फ्रॅक्शन, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे साडेसहा आठवडे. सेटअप तोच, आकडे तेच, माणूस मात्र तोच राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, वजन उतरतं. पहिल्या दिवशी चापून बसलेल्या मास्कमध्ये आता बोट जातं. मास्क सैल म्हणजे आतली मान हलू शकते, आणि पॅरोटिडसारखी, वाचवायची म्हणून आखलेली लाळेची ग्रंथी डोसच्या वाटेत येऊ शकते. हे सगळ्यांच्या आधी कुणाला दिसतं? डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात, फिजिसिस्ट प्लॅन बघतो, हात लावून रोज बघणारी तूच. कोन बीम सीटी, म्हणजे मशीनवरच काढलेला स्कॅन, प्लॅनशी जुळवताना स्क्रीनवर त्वचेची कड आत गेलेली दिसली, की "जुळतंय जवळपास" म्हणून पुढे जाऊ नकोस. फोन उचल. नवा मास्क, नवं सीटी, नवा प्लॅन लागेल की नाही ते डॉक्टर आणि फिजिसिस्ट ठरवतील. दिवसाला साठ पेशंट असताना असा फोन केलेला कुणाला आवडत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

पेशंट कुठे उतरलाय ते विचारत जा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळालेला माणूस रोज वेळेवर येतो. फूटपाथवर झोपणारा, किंवा शेती सोडून आलेला, चौथ्या आठवड्यात "दोन दिवस गावी जाऊन येतो" म्हणतो. मध्ये खंड पडला की ट्यूमरला वाढायला फावतं. ओरडून उपयोग नसतो. सोशल वर्करकडे पाठव.

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्या अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला, छातीवर, अंगातून कोट काढलास की बॅज काढून जागेवर ठेव. एकीने कोट बंकरच्या, म्हणजे मशीनच्या खोलीच्या, आत खुंटीला टांगला, बॅजसकट, आणि पुढे तीन महिन्यांच्या रिपोर्टात तिच्या नावावर भलताच डोस निघाला. तिला काही झालं नव्हतं, पण चौकशीचे कागद भरता भरता वैतागली. अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) आपल्यासारख्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. नीट काम केलंस तर तू तिच्या आसपासही जाणार नाहीस, हे आईला सांग.

मोल्ड रूममध्ये, म्हणजे मास्क बनवतात त्या खोलीत, पहिल्यांदा जाशील तेव्हा तिथल्या माणसाला विनंती करून स्वतःचा मास्क करून घे. गरम पाण्यातून काढलेली ती शीट चेहऱ्यावर ओढतात तेव्हा आधी ओली ऊब लागते, बरं वाटतं, आणि मग ती आवळत जाते. ती घट्ट झाली की सांग, मला काउचवर लॉक करा, मशीन बंदच ठेवा, दार लावून सगळे बाहेर जा. पाच मिनिटं पड. नाकाला खाज सुटेलच. मग ठरलेल्या खुणेप्रमाणे हात वर कर आणि दार उघडायला किती वेळ लागतो ते मनात मोज. कन्सोलवर बसलेलं माणूस सीसीटीव्हीच्या पडद्याकडे बघत होतं की मोबाइलमध्ये, ते तुला आतून कळेल.

तुझी,
मावशी