बोकडाची कवटी: पिवळे डाग आणि भुगा, दोन्ही कशाने

तुम्ही विचारलंय की लातूरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी बोकडाची मुंडी कुकरमध्ये शिजवली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवली, आणि आता कवटीचा भुगा होतोय, वर पिवळे डागही आलेत. हे दोन वेगळे बिघाड आहेत.

भुगा ब्लीचिंगमुळे. हाडाचा चिवटपणा कोलॅजन या प्रथिनाचा असतो. पावडरमधलं क्लोरीन तेच खातं आणि छिद्रांत उरलं तर पुढेही खात राहतं. शिजवल्याने कोलॅजनचं जिलेटिन होतं, दातांना तडे जातात, चरबी वितळून हाडात आणखी खोल मुरते. पिवळे डाग त्या चरबीचे.

दुसरी मुंडी घेताना खाटकाला आधीच सांगा: भाजू नको, भेज्यासाठी फोडू नको. कातडं, डोळे, जीभ, गालाचं मांस सुरीने काढा. मेंदू मानेकडच्या भोकातून वाकवलेल्या तारेने ढवळून पाण्याने बाहेर काढा. मग मुंडी प्लास्टिकच्या बादलीत बुडेल इतक्या साध्या पाण्यात ठेवा, झाकण सैल. उरलेलं मांस जिवाणू खातात आणि ३० ते ३५ अंशांना ते जोमात असतात, म्हणून उन्हाळ्यात सावलीतली बादली पुरते. दोन-चार आठवड्यांत काम होतं. थंडीत ते रेंगाळतं. पाणी बदलताना निम्मंच बदला, नाहीतर जिवाणूही वाहून जातात. बदललेलं पाणी फडक्यातून गाळा, सुटलेले दात त्यात असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात बोकडाला नसतातच, ते शोधत बसू नका. पूर्ण वाढलेल्याचे एकूण ३२. शिंगाची खोळ सैल झाली की पिळून काढा आणि वेगळी वाळवा.

पुरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यात नाकातली पातळ हाडं तुटतात. शिवाय डाग पडतो तो जात नाही.

खरी मेहनत चरबी काढण्यात आहे आणि घाई इथेच होते. कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास, भांडी घासायचं लिक्विड टाकून कवटी बुडवून ठेवा. पाणी गढूळ झालं की बदला. साबणाची वडी नको, बोअरच्या जड पाण्यात तिचा चिकट थर हाडावर बसतो. महिनाभर लागला तरी चालेल. सावलीत पूर्ण वाळवून पाहा; तेलकट, अर्धपारदर्शक ठिपके उमटले तर परत पाण्यात. मांडीची हाडं करणार असाल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, नाहीतर मगज आतच राहतो.

पांढरेपणासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळालं तर तितकंच पाणी घाला. हातमोजे घाला, भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, झाकण घट्ट लावू नका. ऑक्सिजन सुटतो, भांडं फुटू शकतं. रोज पाहा, हवा तितका रंग आला की काढा. अभ्यासाच्या नमुन्याला हस्तिदंती रंग पुरे.

जुनी कवटी पाणी बदलत काही दिवस भिजवा, मग हलक्या हाताने चरबी काढा, पेरॉक्साइड मात्र नको. पूर्ण वाळल्यावर अ‍ॅसिटोनमधला ५ ते १० टक्के पॅरालॉइड बी-७२ (ठिसूळ हाड घट्ट करणारी पारदर्शक अॅक्रिलिक राळ) ब्रशने जिरवा, तेही हवेशीर जागेत आणि विस्तवापासून लांब. चरबी असताना लावला तर ती आत कोंडते.

विद्यार्थ्यांनाही बजावून ठेवा: काळवीट, नीलगाय, मोर यांची हाडं शिवारात पडलेली दिसली तरी आणायची नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. एकाएकी मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला तर हातच लावू नका. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय असतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.