दिंडीसाठी वॉकीटॉकी घ्यायचेत, परवाना लागेल का?

तुमचा प्रश्न असा, की गावची दिंडी पंढरपूरला निघते, पुढचे पताकावाले आणि मागचा पाण्याचा टँकर यांचा मेळ बसत नाही, म्हणून चार वॉकीटॉकी घ्यायचेत. परवाना लागेल का? आमची दिंडी माजलगावकडची. ह्यात आम्ही एकदा तोंड पोळून घेतलंय, म्हणून सांगतो.

सेट कोणता घेता त्यावर सगळं आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, चालणाऱ्या, अर्ध्या वॅटपर्यंत ताकदीच्या सेटला परवाना लागत नाही. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत ही सूट आहे. पण त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, असायला पाहिजे. दुकानदाराला तो कागद मागा. ‘कशाला लागतंय ते’ म्हणाला, की उठा तिथून.

आम्ही पहिल्या वर्षी ऑनलाइन स्वस्तात पाच वॅटचे सेट मागवले. खोक्यावर १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ छापलेलं. आम्हाला वाटलं, आकडे जास्त म्हणजे माल भारी! मारुतीच्या पारावर बटणं दाबून बघत होतो, तर तिसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकू यायला लागलं. वायरलेसमध्ये नोकरी केलेले आमचे एक काका शेजारीच बसले होते. त्यांनी काही न बोलता सेट हातातून घेतला, मागची बॅटरी काढून खिशात घातली आणि मग म्हणाले, “दिंडीला जायचंय का कोर्टात?” विकणाऱ्यानं परवान्याचं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. असल्या जाहिराती इतक्या झाल्या, की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना नोटिसा काढल्या.

कुणी सांगेल, पाच वॅटचाच घ्या आणि ४४६ वर लावून ठेवा. ऐकू नका. ताकद अर्ध्या वॅटच्या वर गेली की सूट संपली. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा देऊन लायसन काढायचं म्हणाल, तर तो छंदाचा मामला आहे, दिंडीच्या कामाला उपयोगाचा नाही.

अर्ध्या वॅटमध्ये भागतं का? भागतं. खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेलं असलं तरी ते सोडून द्या. मोकळ्या रानात आम्हाला दीड-दोन किलोमीटर मिळतं, गावात शिरलं की चार-पाचशे मीटर. मध्ये टेकाड आलं की संपलंच. टँकरवाल्याला टपावर चढून बोलायला सांगा, वॅट वाढवण्यापेक्षा त्यानं जास्त फरक पडतो. आणि ह्या पट्ट्यावर कुणीही येऊ शकतं. सेटमधल्या ‘प्रायव्हसी कोड’नं दुसऱ्यांचा आवाज तुम्हाला येत नाही एवढंच, तुमचं बोलणं मात्र त्यांना ऐकू जातं. देणगीच्या पैशाच्या गोष्टी त्यावर बोलू नका.

अजून एक. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द जातो. आमच्या विणेकऱ्यांनी मागं सांगितलं, “नका थांबू, नका थांबू.” मागं पोचलं फक्त “थांबू, नका थांबू.” टँकरवाला म्हणाला, नक्की काय करू? आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून चहा प्यायला गेला.