ऑप्टिकल कॅमेरा आणि रडार एकाच उपग्रहावर: आधी कक्षा ठरवा

तुमचा प्रश्न असा, की 500 किमी उंचीवरच्या एकाच उपग्रहावर ऑप्टिकल कॅमेरा आणि सिंथेटिक अपर्चर रडार (रेडिओ लहरी पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींतून चित्र बनवणारं, ढगांतूनही पाहणारं रडार) दोन्ही बसवले तर ढगांमुळे काम अडणार नाही, मग सगळेच तसं का करत नाहीत? वजन, अँटेना वगैरे नंतर बघू. खरी ओढाताण कक्षेवरून होते.

कॅमेऱ्याला साधारण सकाळी साडेदहाचं ऊन हवं असतं. युरोपचा कॅमेऱ्याचा उपग्रह सेंटिनेल-2 कुठल्याही जागेवरून साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो. रडारला उजेडाचं काही नाही, पण वीज भरपूर लागते. म्हणून युरोपचाच रडारचा उपग्रह सेंटिनेल-1 दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरून फिरतो. तिथे सौरपंखांना बहुतेक वर्षभर ऊन मिळतं. साडेदहाची कक्षा घेतली की दर फेरीत अर्ध्या तासाहून जास्त सावली आलीच, आणि तेव्हाही रडार चालवायचं तर बॅटरी त्या हिशेबाने मोठी घ्यावी लागते.

त्यात रडार तिरकंच बघतं. सरळ खाली पाहिलं तर डावी-उजवीकडून सारख्या अंतरावरून येणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. मग कॅमेराही त्याच बाजूला झुकवला तर? 30 मीटर उंच इमारत घ्या, आपाती कोन (उपग्रहाची नजर उभ्या रेषेशी करते तो कोन) 35 अंश. कॅमेऱ्याच्या चित्रात तिचा माथा उपग्रहापासून दूर, सुमारे 21 मीटर सरकलेला दिसतो. रडार अंतर मोजतं, आणि माथा पायथ्यापेक्षा जवळ असतो, म्हणून तिथे तो उलट उपग्रहाकडे सुमारे 43 मीटर येतो. एकाच क्षणी, एकाच जागेवरून टिपलेल्या दोन चित्रांत तोच माथा 64 मीटरच्या फरकाने! सपाट शेतजमिनीवर हे निभावतं. शहरात किंवा डोंगरात जमीन आणि इमारतींच्या उंचीचं चांगलं मॉडेल (डिजिटल नकाशा) हाताशी नसेल तर दोन्ही चित्रं जुळणारच नाहीत.

जपानने 2006 मध्ये सोडलेल्या पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या उपग्रहावर, म्हणजे अ‍ॅलॉसवर कॅमेरे आणि रडार दोन्ही होते. पुढे 2014 चा अ‍ॅलॉस-2 मुख्यतः रडारचा झाला आणि ऑप्टिकल काम अ‍ॅलॉस-3 कडे वेगळं दिलं (तो 2023 च्या प्रक्षेपणात गमावला). मला ही विभागणी योग्य वाटते.

पुरासाठी तर एकत्र बसवण्याचा आग्रह सोडाच. ढगांखाली कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. आजचं रडार आणि गेल्या आठवड्याचं निरभ्र ऑप्टिकल चित्र एवढ्यावर भागतं. चालती जहाजं ओळखायची असतील तर मात्र दोन्ही चित्रं एकाच वेळची हवीत. तसं असेल तर साडेदहाची कक्षा घ्या, आणि रडारची उष्णता व अँटेनाची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचणार नाही अशी रचना पहिल्या आराखड्यापासूनच करा. एका फेरीत रडार किती मिनिटं चालवायचं आहे तेवढं कळवा, म्हणजे बॅटरी आणि सौरपंखांचा हिशेब मांडता येईल.