वडील नौदलाच्या जहाजावर बॉयलर रूममध्ये होते. 40 वर्षांनी ॲस्बेस्टॉसचा त्रास होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. ॲस्बेस्टॉस या उष्णतारोधक खनिजाचे तंतू फुफ्फुसात रुतले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि पुरते बाहेरही टाकता येत नाहीत. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तर बहुधा 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो. जिना चढताना वडिलांना दम लागतो आणि डॉक्टर 'वय झालं' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर थांबू नका.

वाफेवर चालणाऱ्या जुन्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये मी काम केलंय, म्हणून सांगतो: नुसतं 'नौदलात होते' म्हटल्याने डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. जहाजात कुठे होते आणि हाताने काय करत होते, ते सांगावं लागतं. बॉयलरवरचं आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन), पाइपांच्या जोडांमधली (फ्लँज) गास्केट, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकत्या, व्हॉल्व्हचं पॅकिंग, सगळीकडे ॲस्बेस्टॉसच असायचं. लॅगिंग शाबूत असेल तर त्यातून फारसे तंतू सुटत नाहीत. खरी धूळ उडायची रिफिटमध्ये, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीत. जुनं लॅगिंग फोडायचं, चिकटून बसलेली गास्केट खरवडायची, तेही बंदिस्त जागेत आणि तोंडाला फार तर फडकं बांधून. शेजारी वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन लॅगिंगला हात न लावताही तीच धूळ खायचा. ते धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही पुढे हे आजार झालेले आहेत, तेव्हा आईला काही त्रास असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला.

(जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवायला सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संपूर्ण बंदी आली ती थेट 2011 मध्ये. युद्धनौकांना तर तो करार लागूच नाही.)

आता तपासणीचं. छातीरोगतज्ज्ञाकडे जा. सुरुवातीचे बदल साध्या एक्स-रेत निसटू शकतात. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी करायची का, ते स्पष्ट विचारा. रिपोर्टमध्ये 'प्लूरल प्लाक', म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणावरचे जाडसर चट्टे, लिहिलेलं दिसलं तर हबकू नका. तो कर्करोग नाही आणि त्याचा कर्करोग होतही नाही. ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याची ती खूण आहे. ॲस्बेस्टॉसिस वेगळा. त्यात फुफ्फुसावर व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत, उपचार फक्त त्रास कमी करण्यापुरते. मात्र छातीत एका बाजूला पाणी झालं, सतत दुखू लागलं किंवा वजन उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

वडील सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद. मेसोथेलिओमाशी तिचा संबंध नाही, पण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

जाण्याआधी वडिलांसोबत बसून एका कागदावर लिहून काढा: जहाजांची नावं, साल, हुद्दा, रिफिट कुठे आणि कधी झाली. सेवापुस्तिकेची प्रतही सोबत ठेवा. निदान झालं तर भरपाईच्या अर्जाला हेच कागद लागतील, आणि तेव्हा सोबतचे साक्षीदार शोधणं अवघड जातं.