पुढची चाकं थडथडतात तेव्हा

मित्रा, रीमॅप केलेल्या (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या), पुढच्या चाकांवर चालणाऱ्या टर्बो हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की पुढून जे धडधड-धडधड येतं, तोच व्हील हॉप. वेग घेताना वजन मागे सरकतं, पुढचे टायर हलके होतात. टायर क्षणभर पकडतो, तेवढ्यात लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) पीळ खातात. टायर सुटला की सगळं झटक्यात जागेवर येतं, की पुन्हा पकड. हे सेकंदात कितीतरी वेळा.

सुरू झालं की पाय उचल. दाबून धरलास तर ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा), त्याचा सीव्ही जॉइंट (सांधा), कधी गिअरबॉक्ससुद्धा जातो. रीमॅप दिसल्यावर वॉरंटीवाले हात वर करतात, ते वेगळंच!

महागड्या सस्पेन्शनचं नंतर बघू. आधी गाडी लिफ्टवर घे आणि खालचा इंजिन माउंट पहारीने हलवून बघ. रबराला चिरा असतील किंवा तो सैल हलत असेल तर आधी तोच बदल. मग लोअर आर्मचे बुश, शॉकॲब्सॉर्बर. माउंटला पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचा) बुश टाकलास तर हॉप बराच कमी होतो, पण सिग्नलला उभं असताना सीटपर्यंत थरथर येते. रोजच्या गाडीत मला तरी ती नको. आणि ओल्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करायची हौस करू नकोस.