नव्या गाडीचा पत्रा इतका चेपतो, मग ती सुरक्षित कशी?
जळगाव-धुळे रस्त्यावर चेपलेलं बोनेट दिसलं की 'जुन्या गाड्याच दणकट' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण ते चेपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. ताशी ५४ किमी वेगातली गाडी १० सेंमीऐवजी ६० सेंमी चेपत थांबली, तर पट्टा लावलेल्या माणसावरचा सरासरी जोर साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची, १९५० च्या दशकातली. माणसं बसतात त्या भागाभोवतीची चौकट मात्र कडक पोलादाची. ती अजिबात चेपता कामा नये. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, पण पट्टा नसेल तर तीच घात करू शकते. म्हणून एरंडोलपर्यंतच जायचं असलं तरी मागच्या सीटवरच्या आजीलाही पट्टा लावा. आणि लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसूच नका.